तलावाखालचा जुना पूल बदलताना

पूर्व विदर्भात रस्ता कोरड्या जमिनीवरून फार वेळ जात नाही. दोन-तीन किलोमीटर झाले की तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, दिसते. पारीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, बांध्यांमधून वाहणारा नाला, नाल्याच्या दोन्ही अंगांना बाराही महिने ओल धरून असलेली दलदल, आणि या सगळ्यावरून जाणारा एक जुना अरुंद पूल. अर्जुनी मोरगाव, साकोली, नागभीड, ब्रह्मपुरी, कुठेही जा, चित्र थोड्याफार फरकानं हेच.

हे पूल आता म्हातारे झाले आहेत. बांधले तेव्हा त्यांच्यावरून बैलबंड्या जात, एखादी जीप जाई, दिवसातून दोनदा एसटी जाई. आज त्याच पुलावरून हार्वेस्टर जातो, रेतीचे टिप्पर जातात, राईस मिलचे भरलेले ट्रक जातात. त्यामुळे गावोगावी नव्या पुलाची मागणी आहे आणि ती रास्त आहे. मी नोकरीत अशा पुलांवर बरीच वर्षं काढली. लोक उगाच पूल मागताहेत असं मला एकदाही वाटलं नाही. पण मंजुरी आली की गावातली सगळी चर्चा तीन गोष्टींवर होते: पूल किती उंच, किती रुंद, आणि कधी सुरू होणार. पाणी कुठून, किती आणि कोणत्या पातळीवरून जाणार, हे कोणी विचारत नाही. पुढची पन्नास-साठ वर्षं शेताला, तलावाला आणि मासेमारीला जे भोगावं लागतं ते नेमकं त्याच उत्तरावर ठरतं. म्हणून हे सगळं एकदा नीट समजावून सांगावंसं वाटलं.

पूल म्हातारा होतो म्हणजे काय होतं

सिमेंट काँक्रीट आतून तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२-१३ च्या आसपास असतो. अशा वातावरणात लोखंडी गजावर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि गज गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये हळूहळू मुरत जातो आणि तो सामू उतरवतो. मुरत मुरत तो गजापर्यंत पोचला की थर जातो, ओल मिळाली की गंज सुरू होतो. लोखंडापेक्षा गंजाला दोन ते सहा पट जागा लागते. तो आतून ढकलतो, मग काँक्रीटचे पोपडे सुटतात आणि खालून पाहिलं तर तांबडे गज उघडे दिसतात. कोकणात खाडीवरच्या पुलांना याच्या जोडीला खारं पाणी आणि खारी हवा असते. मिठातलं क्लोराइड गजापर्यंत पोचलं की सामू उतरायची वाटही पाहत नाही, म्हणून समुद्राकाठचे पूल लवकर खंगतात. आपल्याकडे मीठ नाही, पण भिजणं आणि वाळणं आहे. दलदलीतल्या पुलाचा खालचा भाग चार महिने पाण्यात, चार महिने ओलीत आणि चार महिने कडक उन्हात असतो. गजाला हे आवडत नाही.

दगडी कमानींच्या पुलांना गज नसतात, त्यांचा शत्रू वेगळा. सांध्यात पिंपळाचं बी पडतं, मुळं दरजा उघडतात, पाणी चुना धुऊन नेतं. एवढ्यावरही दगडी पूल शंभर वर्षं सहज उभे राहतात.

खरं मरण मात्र खालून येतं. पुराचं पाणी खांबाला अडतं, त्याच्या पायथ्याशी भोवरा होऊन खाली वळतं आणि पायाजवळची रेती उकरून नेतं. याला आम्ही खरवड म्हणतो. वाहत्या पाण्याचा एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: वेग दुप्पट झाला की पाणी आधीच्या चौसष्टपट वजनाचा दगड लोटू शकतं. म्हणजे नेहमीच्या ओघात सुपारीएवढा खडा हलवणारा नाला महापुरात धोंडे हलवतो. म्हणूनच खांबाचा पाया किती खोल न्यायचा हे ठरवताना सरासरी खरवडीच्या दुप्पट खोली धरतात, आणि पाया त्याच्याही खाली नेतात.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट ही, की पूर ओसरताना तोच नाला सोबत आणलेली रेती त्या खड्ड्यात परत भरून ठेवतो. उन्हाळ्यात तपासणीला गेलात तर पाया झाकलेला, सपाट, नीट दिसतो. पण ती भर सैल असते, पुढच्या पुरात पहिल्या तासाभरात निघून जाते. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं घेऊन गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची तपासणी झालेली होती. वरून पाहून पुलाची तब्येत कळत नाही, हे त्या रात्री सगळ्या महाराष्ट्राला कळलं. पुढे १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, ९ जुलै २०२५ ला गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल तुटला. त्यामुळे 'अजून चालतोय ना, चालू द्या' असं कोणी म्हणत असेल तर मी त्या बाजूला नाही. ज्याचा पाया उघडा पडलाय, गज गंजलेत, तो पूल बदललाच पाहिजे. प्रश्न आहे तो कसा बदलायचा याचा.

ही दलदल कोणाची

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून मालगुजारी तलाव, म्हणजे गावाचा महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले जुने तलाव, हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात, त्यांच्या प्रोत्साहनानं कोहळी समाजानं यातले बरेचसे बांधले; नवेगावबांधच्या तलावाचं नाव आजही कोलू पाटील कोहळींशी जोडून घेतलं जातं. मालगुजारी १९५० च्या सुमारास संपली, तलाव सरकारकडे आले, कागदोपत्री 'माजी मालगुजारी' म्हणजे मामा तलाव झाले. या तलावांचं मर्म असं की ते एकेकटे नाहीत. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, तिथून नाल्यानं पुढच्या तलावात, अशी साखळी आहे. आपला जुना पूल बहुतेक वेळा या साखळीच्या दोन कड्यांच्या मधोमध उभा असतो.

त्या मधल्या जागेत जी दलदल होते तिला गावात कोणी नाव देत नाही. सातबाऱ्यावर ती पडीक, नाला किंवा झुडपी असते. पण पहिल्या पावसात चढणीचे मासे तिथूनच वर तलावात जातात. दिवाळीनंतर शेजारच्या विहिरींना पाणी टिकतं ते तिच्या मुरण्यामुळे. पूर आला की ती पसरून घेते आणि खालच्या गावाला पाणी हळूहळू सोडते. देवधान तिथे उगवतं, गुरं उन्हाळ्यात तिथे चरतात. आणि गोंदिया जिल्ह्यात तिथे सारस येतो. महाराष्ट्रातला सारस आता जवळजवळ या एका जिल्ह्यापुरताच उरला आहे, शेजारच्या भंडाऱ्यात तुरळक. माणसाएवढ्या उंचीचा हा पक्षी ऐन पावसाळ्यात बांध्यांत आणि उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून घरटं करतो, साधारण दोन अंडी घालतो, महिनाभर आळीपाळीनं उबवतो. पिलांना उडता यायला त्यापुढे तीनेक महिने लागतात. इतका काळ त्या जागेतलं पाणी फार चढूही नये आणि आटूही नये. सारसाच्या प्रश्नाची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली ती उगाच नाही.

कायद्यात मात्र या जागेला फारसं कवच नाही. कोकणात खाडीवरचा पूल बदलायचा असेल तर १९९१ पासून सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमनाची अधिसूचना आहे. तिवरं तोडायची असतील तर २०१८ पासून उच्च न्यायालयाची परवानगी लागते, तीही सार्वजनिक हिताच्या कामालाच. आपल्याकडे समुद्र नाही, तिवरं नाहीत. पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, पण त्यांच्या व्याख्येतून नदीचं पात्र, धानाची शेती आणि खास सिंचनासाठी बांधलेली तळी वगळली आहेत. आता बघा, आमच्या भागातली दलदल म्हणजे काय? नाला, धानाच्या बांध्या आणि सिंचनाच्या तलावाचं काठाकाठाचं पाणी. तिन्ही वगळलेल्या गोष्टी मिळून एक जिवंत पाणथळ झालेली आहे. त्यातच ग्रामीण रस्त्यावरच्या लहान पुलाला पर्यावरण मंजुरी सहसा लागत नाही. त्यामुळे या जागेची काळजी नकाशा काढणाऱ्या अभियंत्यानं घेतली तर घेतली, गावानं आग्रह धरला तर धरला.

पाणी अडवतो तो भराव

पूल म्हटलं की डोळ्यासमोर खांब आणि स्लॅब येतो. पण दलदलीतून जाणाऱ्या रस्त्यात पुलाची लांबी थोडी आणि दोन्ही बाजूंचा मातीचा भराव मोठा असतो. समजा पुराचं पाणी ४०० मीटर रुंदीत पसरतं. त्यात ५० मीटरचा पूल आणि ३५० मीटरचा भराव. जुना रस्ता जमिनीलगत होता, मोठ्या पुरात पाणी त्याच्यावरूनच वाहून जायचं. चार तास रस्ता बंद राहायचा आणि पाणी निघून जायचं. नवा रस्ता बाराही महिने चालू हवा म्हणून दीड-दोन मीटर उंच झाला. आता ते ३५० मीटर म्हणजे धरणाची भिंतच. सगळं पाणी ५० मीटरांतून जायला बघतं. वरच्या अंगाला फुगवटा येतो, बांध्यांत चार तासांचं पाणी चार दिवस राहतं, रोवणी झालेली असेल तर रोपं कुजतात. खालच्या अंगाला पुलाच्या तोंडातून पाणी धारेसारखं सुटतं आणि नाल्याचा काठ कापतं.

लांबी कशी ठरते तेही सांगतो. रेतीच्या पात्रासाठी लेसी नावाच्या अभियंत्याचं एक जुनं सूत्र आजही वापरतात: सेकंदाला जितके घनमीटर पाणी येणार त्याचं वर्गमूळ काढा, ४.८ नं गुणा, तितके मीटर रुंदी लागते. सेकंदाला १०० घनमीटर पूर असेल तर ४८ मीटर. सूत्र चांगलं आहे, पण ते मोकळ्या रेतीत स्वतःचं पात्र स्वतः घडवणाऱ्या नदीसाठी आहे. दलदलीत पाणी पात्रात नसतंच, ते पसरलेलं असतं. तिथे एका ४८ मीटरच्या तोंडात सगळं पाणी ओढून आणणं हाच पाणथळीचा घात आहे, मग पूल कितीही भक्कम असो. मुख्य पुलाच्या जोडीला भरावात ठरावीक अंतरानं मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या छोट्या वाटा, ठेवल्या, जिथे जिथे पाणी मुळात वाहत होतं तिथे तिथे, तर दोन्ही बाजूंची पातळी जवळजवळ सारखी राहते. याहून चांगलं म्हणजे भराव कमी करून रस्ता खांबांवर उचलणं. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर हे केलेलं आहे: वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलला, त्यातला सर्वांत लांब भाग ७५० मीटरचा आहे आणि वाघ त्याखालून जातात. गावरस्त्याला तेवढा पैसा मिळणार नाही हे मलाही कळतं. पुलाचा एक मीटर भरावाच्या एका मीटरपेक्षा कितीतरी महाग पडतो, म्हणूनच एस्टिमेट करताना पूल आखूड आणि भराव लांब करण्याकडे कल असतो. पण दोन गाळे (दोन खांबांमधली मोकळी जागा) जास्त आणि चार मोऱ्या जास्त, एवढं मागणं काही जगावेगळं नाही.

भरावाबद्दल आणखी एक. दलदलीची काळी चिकण माती भाराखाली वर्षानुवर्षं दबत जाते. पूल खोल पायावर उभा असल्यानं तो हलत नाही, भराव मात्र खचतो. नव्या पुलाच्या दोन्ही तोंडांशी दोन वर्षांत गाडीला जो दणका बसायला लागतो, त्याचं कारण हे. लोक ठेकेदाराला शिव्या देतात; कधी त्याची चूक असते, कधी नसते. घाईनं टाकलेला भराव मात्र नेहमी खचतो. भरावाच्या तळाशी मोठ्या गिट्टीचा, पाणी झिरपू देणारा थर दिला आणि भराव एक पावसाळा दबू दिला, तर रस्ताही टिकतो आणि जमिनीखालून सरकणारी ओलही अडत नाही.

उंबरठा

आता जी गोष्ट सांगायची आहे ती माझ्या हातून झालेल्या कामातली आहे. गावाचं नाव सांगत नाही.

जुना पूल होता दगडी, तीन कमानींचा. त्याच्या वरच्या अंगाला पाच-सहा एकर दलदल, मार्चपर्यंत पाणी. ढिवरांची दहा-बारा घरं तिथे जाळं टाकत. पूल धोकादायक झाला होता, बदलायचा ठरला. सर्वेक्षणात नाल्याच्या तळाची पातळी मी स्वतः मोजली. नियमाप्रमाणे नाल्याच्या सर्वांत खोल तळापेक्षा ३०० मिलिमीटर खाली नव्या पुलाची फरशी, म्हणजे पुलाखाली पात्रात केलेला पक्का तळ, ठेवायची असते, म्हणजे तिच्यावर रेती-माती बसते आणि खरवड होत नाही. नियम बरोबर आहे. मी सर्वांत खोल तळ धरला तो जुन्या पुलाच्या खालच्या अंगाचा. शंभर वर्षं फरशीवरून पाणी पडून पडून तिथे डबकं झालं होतं. नाल्याचा खरा तळ त्याहून बराच वर होता, आणि जुन्या पुलाची फरशी तर त्याहूनही वर, घराच्या उंबरठ्यासारखी. तो उंबरठाच वरच्या दलदलीचं पाणी धरून होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही.

पूल उत्तम झाला. तिसऱ्या वर्षी दलदल जानेवारीतच कोरडी पडली. चौथ्या वर्षी नाल्याचा तळ पुलापासून वर वर खणत जायला लागला. उंबरठा गेला की असंच होतं: पाण्याला अचानक उतार मिळतो, ते तळ कापतं आणि तो काप दरवर्षी मागे मागे सरकतो. शेवटी तो वरच्या तलावाच्या सांडव्यापाशी आला असता, तर तलावच धोक्यात होता. तिथे दगडांचा आडवा बंधारा घालावा लागला. ढिवरांची घरं तोवर दुसऱ्या तलावावर गेली होती.

म्हणून मी आता प्रत्येकाला सांगतो: पुलाच्या उंचीआधी पुलाच्या तळाची पातळी विचारा. जुन्या फरशीची पातळी, तिच्या वरच्या अंगाला पन्नास-शंभर मीटरवरच्या नाल्याची पातळी आणि खालच्या अंगाला तेवढ्याच अंतरावरची, अशा तिन्ही नकाशावर लिहिलेल्या हव्यात. जुनी फरशी पाणी धरत असेल तर नव्या कामातही तेवढ्याच पातळीचा उंबरठा ठेवायचा. फरशीच्या दोन्ही कडांना जमिनीत उतरणाऱ्या भिंती घालतातच, वरच्या अंगाला साधारण २ मीटर आणि खालच्या अंगाला २.५ मीटर खोल. त्या उंबरठ्याला धरून ठेवतात. फक्त खालच्या बाजूला पाण्याची उडी राहू द्यायची नाही. मोठ्या दगडांचा हळूहळू उतरणारा उतार करायचा, म्हणजे जुलैत मासे त्यावरून चढून जातील. मोऱ्यांत सिमेंटचे गोल पाइप टाकतात तेव्हाही हेच बघायचं. पाइपाचं तोंड तळापासून हातभर वर राहिलं तर मरळ असो की शिंगूर, त्याला ती भिंतच. पाइपाऐवजी चौकोनी मोरी आणि तिचा तळ मातीत थोडा बुडवलेला असेल तर मोरी आहे हे माशाला कळतही नाही.

जुन्या पूररेषांवरही डोळे झाकून विसंबू नका. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून महापुराची खूण घ्यायची ही चांगली पद्धत आहे, पण वैनगंगेकाठी गोसीखुर्द धरणानंतर पाण्याचं वागणं बदललं आहे. धरणाचा फुगवटा पार भंडाऱ्यापर्यंत येतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या महापुरात कित्येक गावांत आजोबांच्या खुणेच्या वर पाणी गेलं. नदीला मिळणाऱ्या नाल्यावर पूल असेल तर पाणी वरून येणार तसं खालूनही चढणार. दोन्ही हिशेब झालेत का, हा प्रश्न विचारायचा.

काम चालू असतानाचे दिवस

नव्या पुलाचं काम साधारण दोन उन्हाळे चालतं आणि दलदलीची सगळ्यात जास्त नासधूस याच काळात होते, कारण तात्पुरत्या गोष्टींकडे कोणी लक्ष देत नाही.

पहिली तात्पुरती गोष्ट म्हणजे वळणरस्ता. जुना पूल पाडून त्याच जागी नवा बांधायचा तर रहदारीसाठी शेजारून मुरूम टाकून रस्ता काढतात, त्याखाली दोन-चार पाइप. काम संपतं, बिल निघतं, मुरूम तसाच राहतो. तो रस्ता म्हणजे दलदलीत घातलेला दुसरा बांध. पुढच्या पुरात तो फुटतो तेव्हा मुरूम खालच्या बांध्यांत पसरतो आणि चांगली जमीन खराब होते. वळणरस्ता काढून मूळ पातळी परत करणं हे निविदेत वेगळी बाब म्हणून, वेगळ्या रकमेसह लिहिलेलं असलं तरच होतं. 'ठेकेदारानं साफसफाई करावी' एवढ्या एका ओळीवर काही होत नाही.

मग नवा पूल जुन्याच्या शेजारीच का बांधत नाहीत, म्हणजे जुन्यावरून रहदारी चालू राहील? कधी बांधतातही. पण आमच्याकडे झुडपी जंगलाची अडचण आहे. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत जुन्या महसुली नोंदींत सुमारे पावणेदोन लाख हेक्टर जमीन 'झुडपी जंगल' म्हणून लिहिली आहे, आणि ही जमीन वनच समजायची असं सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ ला स्पष्ट केलं. आखणी वीस मीटर सरकली आणि ती झुडपीत गेली की वन कायद्याखालची परवानगी घेणं आलं, त्यात वेळ जाणं आलं. त्यामुळे बरेच जण जुनी जागा सोडत नाहीत. मला विचाराल तर ज्या जागेवर शंभर वर्षं पूल आहे तिथेच नवा बांधणं दलदलीसाठी बहुधा बरं. नवी जागा म्हणजे नवा भराव.

काँक्रीटचं धुवण हे दुसरं. मिक्सर आणि पंप धुतलेलं पाणी तितकंच अल्कधर्मी असतं जितकं ताजं काँक्रीट. ते डबक्यात सोडलं की मासे पोट वर करून तरंगतात. पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरणारे पायाचे खांब, खणताना भोक ढासळू नये म्हणून बेंटोनाइट नावाच्या मातीचं दाट पाणी वापरतात; ते नाल्यात गेलं तर तळावर साय धरते आणि अंडी गुदमरतात. दोन्हींसाठी नाल्यापासून दूर खड्डा करून त्यात प्लास्टिक अंथरायचं, एवढाच उपाय, खर्च किरकोळ. पोकलेन दुसऱ्या नाल्यावरून येत असेल तर तिचे पट्टे आधी धुवायला लावा. बेशरमीची कांडी आणि जलपर्णीचा तुकडा असाच प्रवास करतात, आणि जलपर्णी एकदा आली की नव्या पुलाचे गाळे तीच बुजवते.

कामाच्या वेळेचा प्रश्न मात्र अवघड आहे, सोपं उत्तर नाही. जून ते सप्टेंबर पाण्यात काम होत नाही. मासे चढतात आणि सारस घरटी करतात ते याच महिन्यांत, म्हणून ते बरंच. नोव्हेंबर ते मार्च पाहुणी बदकं असतात आणि सारसाची पिलंही अजून आईबापांसोबत फिरत असतात. जानेवारीपर्यंत फक्त पाण्याबाहेरचं काम करावं, तेही दिवसा. रात्रीचे मोठे दिवे लावू नयेत. पायाचं, पाण्यातलं काम फेब्रुवारी ते मे. पण उन्हाळी धानासाठी तलावाचं पाणी याच दिवसांत सोडतात. म्हणजे पाणीवापर संस्था, मच्छीमार संस्था आणि ठेकेदार यांनी एकत्र बसून तारखा ठरवल्या नाहीत तर एकाचं नुकसान ठरलेलं. जुना पूल पाडायच्या आधी त्याच्या पोटाखाली टॉर्च मारून बघा. पाकोळ्या-भिंगऱ्यांची घरटी आणि फटींतली वटवाघळं असतात. पिलं उडून जाईपर्यंत पाडकाम महिनाभर पुढे ढकललं तर पुलाचं काही बिघडत नाही. पाडलेला दगड तिथेच पात्रात लोटू देऊ नका. चांगला घडीव दगड असतो, दगडी उतारासाठी तोच वापरता येतो.

कागद कुठे बघायचा

अंदाजपत्रक आणि सर्वसाधारण आराखडा हे सार्वजनिक कागद आहेत, माहितीच्या अधिकारात मिळतात. आराखड्याच्या एका कोपऱ्यात पातळ्यांचा तक्ता असतो: पूरपातळी, तळपातळी, फरशीची पातळी, रस्त्याची पातळी. अभियंत्यांना हा तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. बहुतेक अभियंते आनंदानं सांगतात. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. हे सगळं तांत्रिक मंजुरीच्या आधी करायला हवं. काम सुरू झाल्यावर एक मोरी वाढवायची म्हटली तरी फाइल नागपूर-मुंबई फिरून येते.

पूल झाल्यानंतरचंही एक काम गावाकडे आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, पुलापासून दूर भरावाच्या पायथ्याशी, दोन सिमेंटचे खुंट रोवायचे, एकाच पातळीला धरून, आणि त्यावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवायच्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन्हींवरचं पाणी एकाच वेळी मोजायचं, तारीख-वेळ घालून वहीत लिहायचं, मोबाइलवर फोटो काढायचा. दोन्हीकडे चार-सहा सेंटिमीटरचा फरक असेल तर मोऱ्या काम करताहेत. फरक हातभर दिसला आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, तर कुठली तरी मोरी बुजली आहे किंवा मुळातच कमी पडली आहे. दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे ठेकेदार दुरुस्तीला बांधलेला असतो तोवर, ही वही घेऊन गेलात तर बुजलेली मोरी त्याच्याकडून मोकळी करून घेता येते, आणि मोरीच कमी पडत असेल तर नव्या मोरीच्या मागणीला तुमच्याकडे आकडे असतात. आमच्या शेजारच्या गावात शाळेतली पोरं हे मोजमाप करतात. त्यांच्या वहीत तीन पावसाळ्यांचे आकडे आहेत, आणि दुसऱ्या वर्षीच्या पानांनंतर तिथे एक मोरी वाढली आहे.